घराण्याचा इतिहास शेताच्या बांधावरून सुरू करा

प्रश्न असा आहे: पणजोबांच्या मागचं घरात कुणालाच सांगता येत नाही. गावाकडे थोडी शेती आहे, भावकी आहे, एक-दोन म्हातारी माणसं आहेत. अशा शेतकरी कुटुंबाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि त्या काळचं रोजचं जगणं शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

नावांपासून करू नका, जमिनीपासून करा. बहुतेक जण वहीत वंशावळीचं झाड काढतात, आठवतील ती नावं भरतात आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीला अडकतात. शेतकऱ्याच्या घरात माणसाची स्वतंत्र नोंद क्वचितच झाली. जमिनीची मात्र दरवर्षी झाली, कारण तिच्यावर सारा होता. कोण मेलं, मागे कोण उरलं, भावाभावांत वाटणी कधी झाली, सावकाराकडे काय गहाण पडलं, हे सरकारने लिहून ठेवलं ते सारा कुणाकडून वसूल करायचा हे कळावं म्हणून. त्या शेताचा नंबर धरून मागे गेलात की माणसं समोर येत जातात.

मात्र कागदांच्या मागे लागण्याआधी गावातल्या सर्वांत वयस्क माणसांशी बोलून घ्या. कागद पुढच्या वर्षीही मिळेल, पंच्याऐंशीच्या आत्याचं तसं सांगता येत नाही. कसं बोलायचं ते पुढे सांगतो, आधी कागदांचा मार्ग.

आजचा सातबारा आणि आठ-अ काढा. आठ-अ मध्ये एका खातेदाराचे गावातले सगळे गट एकत्र दिसतात, त्यामुळे कुठलं शेत सुटत नाही. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचे, म्हणजे नावात किंवा हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचे, क्रमांक असतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ते गोल करून लिहिलेले दिसतील. हे गोलातले आकडे म्हणजे तुमच्या शोधाच्या पायऱ्या. प्रत्येक आकडा गाव नमुना सहामधल्या, म्हणजे फेरफार नोंदवहीतल्या, एका नोंदीकडे नेतो. ती नोंद मागच्या खातेदाराचं नाव देते, त्या नावाशेजारी आणखी जुना क्रमांक असतो. एका वेळी एकच पायरी मागे जा. मधली नोंद सापडली नाही म्हणून आडनाव जुळतंय एवढ्यावर पुढची उडी मारली की शोध दुसऱ्याच घरात शिरतो, आणि ते लक्षात यायला महिने जातात.

पश्चिम महाराष्ट्रात एक अडथळा ठरलेला आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले. आजचा गट १२६ म्हणजे जुना कोणता सर्व्हे नंबर, हे सातबाऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा मागा. बोलताना त्याला '९(३), ९(४) चा उतारा' म्हणतात. त्यात जुने सर्व्हे व हिस्सा नंबर आणि नवे गट समोरासमोर मिळतात. एकत्रीकरणात जमिनींची अदलाबदलही झाली होती. म्हणून आज तुम्ही कसता ते शेत आजोबांच्या आधी दुसऱ्याच भावकीचं असू शकतं. हा उतारा हातात आल्याशिवाय एकत्रीकरणापूर्वीच्या नोंदीला हात लावू नका.

मुंबई प्रांतात हक्कनोंदणी सुरू झाली ती १९०३ च्या कायद्याने. गावागावांत ती अमलात यायला आणखी काही वर्षं गेली. त्यामुळे जुन्यात जुना फेरफार बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतला असतो. त्याआधीची नावं मूळ मोजणीच्या कागदांत शोधायची. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यातून सुरू झाली आणि पुढे प्रांतभर पसरली. साधारण तीस वर्षांनी फेरमोजणी होत गेली. भूमी अभिलेखाकडे टिपण, शेतवार पत्रक, गुणाकार बुक, आकारबंद असे कागद असतात. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेलं शेताचं मापांसकट रेखाटन. त्यातलं माप साखळी-आण्यांत आहे. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. एवढं ठाऊक असलं की टिपणावरून बांध कुठे होता ते स्वतः काढता येतं.

आता एक फेरफार जवळून पाहू. समजा १९२६ सालच्या नोंदीत दुसऱ्या रकान्यात असं लिहिलंय: 'खातेदार राघू बिन संतू हा सुमारे चार वर्षांपूर्वी मयत. त्यास वारस मुलगे २, तात्या व बाळा, पैकी बाळा अज्ञान वय ९. मयताची बायको भागू हयात. तात्या याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. वर्दी तात्या राघू.' चार-पाच ओळीच आहेत, पण त्यातून निघतं ते बघा. राघू १९२२ च्या आसपास वारला. नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, आणि ही चूक सगळ्यांत जास्त होते. त्याच्या बापाचं नाव संतू. बाळा १९१७ च्या सुमाराचा. तात्या खात्यावर कर्ता म्हणून आला म्हणजे सज्ञान होता, तेव्हा त्याचा जन्म १९०८ नंतरचा नसावा. दोन भावांत किमान नऊ वर्षांचं अंतर पडतं. मधल्या काळात मुली झाल्या असतील, मुलं दगावली असतील किंवा भागू ही दुसरी बायको असेल. तीन शक्यता लिहून ठेवा आणि तिन्हींचा शोध घ्या. भागू ही दोघांची आई आहे असं नोंद म्हणत नाही, ती मयताची बायको आहे एवढंच म्हणते. मुलींचा उल्लेख नाही, याचा अर्थ मुली नव्हत्या असा मुळीच नाही. तात्या पंचविशीतल्या बापाचा मुलगा धरला तर राघू १८८० च्या आसपासचा आणि संतू १८५५ च्या. हा अंदाज पेन्सिलीने लिहा, शाईने नव्हे.

संक्षेप येत नसल्यामुळे अनेक जण चांगल्या नोंदी सोडून देतात. 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अथवा कर्ता. नाव एकाचं, जमीन सगळ्या भावांची. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मूल लहान आणि त्याच्या वतीने आई, चुलता किंवा मामा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. मराठवाड्यात, विदर्भात त्याच अर्थाने 'वलद' येतं आणि पुष्कळदा नुसतं 'व.' लिहिलेलं असतं. बाईच्या नावापुढे 'कोम', 'भ्रतार', 'जौजे' किंवा कोकणात 'मर्द' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. 'बेवा' म्हणजे विधवा. 'पै.' म्हणजे पैकी. नाव कंसात टाकलं असेल तर त्याचा हक्क त्या फेरफाराने संपला असं समजायचं. 'नाव कंस केले' ही तलाठी दप्तराची नेहमीची भाषा आहे.

हिस्सा आणे-पैमध्ये लिहिलेला असेल तर तो नुसता हिस्सा नसतो, त्यात भावांची संख्या दडलेली असते. पूर्ण जमीन १६ आणे आणि एक आणा १२ पैंचा, म्हणजे एकूण १९२ पै. कुणाच्या नावापुढे ५ आणे ४ पै दिसले की ६४ पै, म्हणजे तिसरा हिस्सा, तीन भाऊ. २ आणे ८ पै म्हणजे सहावा हिस्सा: एकतर सहा भाऊ, नाहीतर तिघांपैकी एकाच्या वाट्याचे पुढच्या पिढीत दोन भाग. १ आणा ४ पै म्हणजे बारावा. एकाच सर्व्हे नंबरातल्या सगळ्या खातेदारांचे हिस्से पैमध्ये मांडून बेरीज करा. १९२ भरले तर भावकीची सगळी पाती, म्हणजे शाखा, समोर आहेत. ३२ पै कमी भरले तर एक शाखा विकून गेली, निर्वंश झाली किंवा तिचं पान निसटलं. मला विचाराल तर अख्ख्या शोधातलं सगळ्यांत खात्रीचं साधन हेच. नावं चुकतात, वयं चुकतात, पैची बेरीज सहसा चुकत नाही.

विहिरीलाही हाच नियम लागतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'विहिरीत चार आणे हिस्सा' असं असतं, आणि गावात पाण्याची पाळी अजून त्याच मापाने चालते. आठ दिवसांत दोन दिवस पाळी असेल तर चौथा हिस्सा. कागद फाटला असेल तिथे पाळी विचारा.

इतर हक्काच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण घराची आर्थिक कहाणी तिथेच आहे. विहिरीसाठी तगाई (सरकारी कर्ज), बैलांसाठी सोसायटीचा बोजा, मुदत खरेदी (मुदतीत पैसे फेडले की जमीन परत, अशी विक्री), गहाण, कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव. कुळकायद्याच्या नोंदी नीट पाहा. मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ चा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कसणारं कुळ मालक ठरण्याचा दिवस. त्यानंतरच्या वर्षांत '३२ ग' आणि '३२ म' असे शेरे दिसले तर घर आधी कुळ होतं आणि कायद्याने मालक झालं, किंवा उलट, जमीन कुळाकडे गेली. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कायदा लागू होता, विदर्भात १९५८ चा वेगळा. तिथे कलमांचे आकडे बदलतात. जमीन वतनाची, म्हणजे गावच्या कामाबद्दल वंशपरंपरेने मिळालेली, असेल तर कुलकर्णी वतन १९५०, गावकामगार वतनं १९५८ आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यांनी गेली. वतनाच्या चौकशीत वंशावळ दाखल करावी लागे, म्हणून वतनदार घरांना, मग ते पाटलाचं असो की महाराचं, बाकीच्यांपेक्षा दोन-तीन पिढ्या जास्त सापडण्याची शक्यता असते. इनाम किंवा वतन असल्याची नुसती ऐकीव माहिती असली तरी पुण्याच्या पुरालेखागारात विचारणा करा; पेशवे दप्तर तिथेच आहे.

नमुना बारा हे पिकांचं पान. त्यात बाजरी, कुळीथ, ज्वारी किती क्षेत्रावर होती, पाणी मोटस्थळ (विहिरीवरच्या मोटेचं) की पाटस्थळ (पाटाचं), ऊस कोणत्या साली पहिल्यांदा आला, हे वर्षावर्षाने दिसतं. घरची भाकरी कशाची होती याचा पुरावा तोच. पण एक सावधगिरी: सलग सात-आठ वर्षं तेच पीक आणि तेच क्षेत्र, गुंठाही बदललेला नाही, असं दिसलं तर शेतात न जाता मागचं पान उतरवलेलं असणार. अशा वर्षांना साक्षीत धरू नका.

जमिनीबाहेरचे कागद थोडे आहेत, पण मोलाचे. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने गाव नमुना चौदा आणि कोतवाल बुक मिळतात. त्यांत जन्म आणि मृत्यू असतात. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. म्हणून नाव शोधत बसू नका, बापाच्या नावाने सगळी पानं चाळा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर चांगलं, पण जन्मतारीख १ जून दिसली की ती गुरुजींनी घातलेली समजा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. खरेदी-गहाणाचे दस्त दुय्यम निबंधकाकडे असतात. तिथली सूची एक नावांवरून आहे आणि सूची दोन मिळकतीवरून. तुमच्याकडे सर्व्हे नंबर असल्याने दोन नंबरची मागा.

मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक आणि त्यानंतरची पाहणी पत्रकं हा मुख्य आधार. त्यामागचे निजामी कागद उर्दूत आहेत. विदर्भात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आणि त्यामागे मिसल बंदोबस्त, म्हणजे त्याआधीच्या सारा-आकारणीचे कागद, पाहायचे. कोकणात खोती, म्हणजे गावाचा सारा खोताने गोळा करून भरायची पद्धत, होती, ती १९४९ च्या कायद्याने गेली, म्हणून तिथे खोताच्या दप्तरातही चौकशी करावी. गाव जुन्या संस्थानात असेल तर नमुन्यांची नावंच वेगळी असतात. जिल्हा बदलला का तेही बघा: सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये झाले, लातूर १९८२ मध्ये, नंदुरबार १९९८ मध्ये. जुना कागद अजून रत्नागिरी, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), उस्मानाबाद (आता धाराशिव) किंवा धुळ्याच्या कपाटात असू शकतो. बुद्रुक आणि खुर्द यांची गल्लत तर रोजची आहे. अर्जावर ते स्पष्ट लिहा.

अर्जात 'आमच्या घराण्याचे जुने कागद द्यावेत' असं लिहिलं तर काही मिळत नाही. गाव, तालुका, सर्व्हे नंबर, नमुन्याचं नाव आणि फेरफार क्रमांक किंवा वर्षांचा टप्पा लिहा. एका अर्जात एकाच प्रकारचा कागद मागा. त्याआधी शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पाहून घ्या. पुष्कळ गावांच्या जुन्या फेरफारांची आणि सातबाऱ्यांची स्कॅन केलेली पानं तिथे आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने जुनं दप्तर मोठ्या प्रमाणावर उघडलं आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. तुमचा उद्देश वेगळा असला तरी त्या याद्या चाळण्यासारख्या आहेत.

जुनं पान मोडीत असेल तर घाबरू नका. मोडीत आधी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं शक्यतो हात न उचलता लिहितात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पूर्ण लिपी शिकण्याआधी आपल्या गावाचं नाव, आडनाव, 'बिन' आणि आकडे एवढंच पक्कं करा. पानभर मजकुरात ते ओळखू यायला लागले की कोणतं पान जाणकाराकडून वाचून घ्यायचं ते तुम्हालाच ठरवता येतं. वर्षांचा हिशेबही हाताशी ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१. पेशवाईतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००. तो मृगाला बदलतो. महिना दिला नसेल तर दोन्ही वर्षं लिहून ठेवा.

आता ज्यांची नावं या सगळ्या कागदांत जवळजवळ नाहीत त्यांच्याकडे येऊ. १९५६ च्या वारसा कायद्याआधी मुलीचं नाव फेरफारात क्वचित सापडतं, आणि बाईचं आलं तर विधवा किंवा अज्ञानाची आई म्हणून. वंशावळीत नुसते पुरुषच उरतात, म्हणजे निम्मं घर बाहेर राहतं. यावर उपाय आहेत. पहिला, हक्कसोडपत्र. भावांच्या नावे जमीन करताना बहिणींनी हक्क सोडलेला असतो आणि त्या दस्तात सगळ्या बहिणी सासरच्या नावागावासह एका जागी मिळतात. हक्क सोडताना का होईना, नाव पूर्ण लिहिलं गेलं.

दुसरा उपाय माळ्यावर आहे. लग्नात आलेले हंडे, कळश्या, पराती, तांबे काढा. त्यांच्या काठावर किंवा पोटाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं: देणारा मामा किंवा मावशी, गाव, कधी तारीख. घासून घासून अक्षरं बुजलेली असतात. भांडं चिंच लावून उजळवू नका, त्याने उरलेलं अक्षरही जातं. कोरड्या फडक्याने पुसा, कोरलेल्या जागी बोटाने बारीक तांदळाचं पीठ किंवा पावडर चोळा, वरचं झटका. खाचेत पांढरं अडकून अक्षरं उठून दिसतात. मग बॅटरी भांड्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका आणि फोटो घ्या. पणजीच्या माहेरच्या गावाचं नाव आणि तिच्या भावाचं नाव अशा एका कळशीवर सापडतं तेव्हा दुसऱ्या गावचा सातबारा उघडता येतो, आणि तिच्या बापाचं नाव तिथल्या फेरफारात मिळतं.

तिसरा, जात्यावरच्या ओव्या. ज्या बायकांनी दळण दळलंय त्यांना ओव्या म्हणायला सांगा. भावाचं नाव, माहेरचा ओढा, वाटेतलं देऊळ, सासूचा जाच, सगळं त्यांत असतं. ओवी परंपरेची असते, पण नाव घालायची जागा म्हणणारी स्वतः भरते. ते नाव टिपून घ्या.

यांशिवाय दक्षिण महाराष्ट्रात हेळवी आणि इतरत्र भाट वंशावळी सांगत फिरतात. त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावरून नामावळी निघते. त्यांतली अलीकडची नावं कागदाशी पडताळा. ती जुळली तर मागची नावं विश्वासाने घ्या, पण 'ऐकीव' असा शेरा ठेवा. मुळात घराणं अमक्या राजकुळातलं असं कुणी सांगितलं तर वेगळ्या पानावर लिहा, झाडात घालू नका.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना घरात खुर्चीवर बसून 'तुमच्या वेळी कसं होतं?' असं विचारू नका. 'लई हाल होते, बाबा' एवढंच उत्तर येतं. चालवत असेल तर शिवारात न्या. प्रत्येक वावराला नाव असतं: विहिरीची पट्टी, वडाचं वावर, टेकाचं, दऱ्यातलं. वावराचं नाव विचारलं की ते कुणी घेतलं, कुणाला गेलं, कोणत्या बांधावरून भांडण झालं, ते आपोआप निघतं. हाताने नकाशा काढून नावं त्यावर लिहा, शेजारी सर्व्हे नंबर.

वयाचा प्रश्न साल विचारून सुटत नाही, घटना विचारून सुटतो. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ १९१८ ची. त्याआधी, १८९६ नंतरच्या वर्षांत, प्लेग. गाव सोडून शेतात झोपड्या घातल्या होत्या ती आठवण बहुधा त्याची. गांधीजींचा खून जानेवारी १९४८, मराठवाड्यात रझाकारांचा शेवट सप्टेंबर १९४८, पानशेतचा पूर जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. 'दुष्काळात खडी फोडायला तुम्ही जायचा की थोरला भाऊ? तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? मांडीवर कोण होतं?' अशा तीन प्रश्नांत जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या अंतरात बसतं.

रोजच्या जगण्याविषयी कामाचे टप्पे विचारा. मोट किती बैलांची होती, नाडा आणि सोल कशाचा वळायचे, थारोळ्यातलं पाणी पाटाने कुठवर जायचं, दिवसात किती वाफे भिजायचे, मोट फाटली तर कोण शिवायचं आणि त्याला बलुतं किती. पेरणीला तिफण घरची की मागून आणलेली, चाड्यावर मूठ कोण धरायचं. बैल एकच असेल तर सावड, म्हणजे बैलांची आणि कामाची अदलाबदल, कुणाशी होती. सावडीची नावं म्हणजे त्या काळचे जवळचे संबंध, आणि ती भावकीपेक्षा वेगळी निघतात. खळ्यावर रास झाल्यावर कुणाकुणाचे वाटे निघायचे, घरात किती उरायचं, ते पेवात की बळदात की कणगीत, आणि कोणत्या महिन्यापर्यंत पुरायचं. हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. 'धान्य चैत्रापर्यंत पुरायचं' या एका उत्तरातून घराची ऐपत कळते.

मापांचा घोळ होतो. चार शेरांची पायली, म्हणजे आठ मापटी किंवा सोळा चिपटी, हे बऱ्याच भागात जुळतं. मण किती पायल्यांचा, हे मात्र तालुक्यागणिक बदलतं. पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा घरात जुनं मापटं असेल तर ज्वारीने शिगेला भरा आणि वजनकाट्यावर ठेवा. त्यावरून तुमच्या गावची पायली किलोत निघेल.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. फोन विमान मोडवर टाकून आवाज रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव स्वतः बोला. सुनांना आणि मुलींना वेगळं बोलतं करा. घरातला कर्ता समोर बसला की त्या गप्प होतात.

आणि भावकी. कुणी जुने सातबारे काढायला लागलं की चुलत्यांच्या मनात पहिली शंका हिश्श्याची येते, आणि ती रास्तच आहे. पहिला अर्ज करण्याआधी सगळ्या पात्यांतल्या थोरांना सांगा, मिळालेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्यांना द्या आणि बांध-हिश्श्याचा वाद निघाला तर त्यावर मत देऊ नका. एकदा तोंडं फिरली की कागद मिळत राहतील, माणसं बोलणार नाहीत.

जुळणी करताना दोन गोष्टी घात करतात. एक, नातवाला आजोबांचं नाव. संतू राघू, राघू संतू, पुन्हा संतू राघू अशी साखळी असते आणि दोन पिढ्या एकीत मिसळतात. म्हणून प्रत्येक नावाला क्रमांक द्या आणि शेजारी पहिली व शेवटची नोंद कोणत्या सालची ते लिहा. एकच संतू ९५ वर्षं खातेदार दिसला तर ते दोन संतू आहेत. दुसरं, आडनाव. जुन्या नोंदीत ते नसतंच किंवा 'पाटील' असतं, पुढे शाळेत घालताना वेगळं लागतं, आणि सख्ख्या भावांची आडनावं दोन होतात. अशा वेळी सर्व्हे नंबर, कुलदैवत आणि देवक, आणि गावच्या जत्रेत कोणाचा मान आधी, हे तिन्ही ताडून पाहा. थोरल्या पातीचा मान बहुधा पहिला असतो. दत्तक आणि घरजावई यांच्या नोंदी रक्ताच्या नात्यासारख्याच लिहा, फक्त मूळ घर कोणतं ते सोबत द्या.

मिळालेल्या मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा जातो. घडी उलगडून सपाट ठेवा, ३०० किंवा त्याहून जास्त डीपीआयला स्कॅन करा आणि फाईलच्या नावात गाव, नमुना, क्रमांक व साल घाला. प्रतींचा एक संच गावातल्या घरी, एक तुमच्याकडे आणि एक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीकडे ठेवा.